गार पाण्यातलं भंगार

२०१९ साली तीन जर्मन युद्धनौका ई-बेवर विकायला आल्या. ई-बे म्हणजे जिथे लोक जुने कॅमेरे, पोस्टाची तिकिटं आणि प्रसंगी एकाच पायाचा बूटही विकायला ठेवतात, ते संकेतस्थळ. विकणाऱ्याची अपेक्षा प्रत्येक नौकेला अडीच लाख पौंड. मुक्काम: स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं, त्यांच्या मधोमध असलेला स्कापा फ्लो नावाचा खाडीसारखा समुद्र, आणि तिथे चाळीस-पंचेचाळीस मीटर पाण्याखाली. घरपोच पाठवण्याची सोय नाही. शेवटी व्हायचं तेच झालं. गिऱ्हाइकांनी भाव पाडला आणि 'मार्कग्राफ', 'क्योनिग' व 'क्रोनप्रिन्झ विल्हेल्म' या तिन्ही नौका प्रत्येकी साडेपंचवीस हजार पौंडांना मध्यपूर्वेतल्या एका कंपनीला गेल्या. 'कार्ल्सरुह' नावाची चौथी, अंगाने लहान, ती इंग्लंडमधल्या कुणी तरी साडेआठ हजारांना घेतली. साडेआठ हजार पौंड म्हणजे त्या वेळचे साधारण साडेसात लाख रुपये. एवढ्या पैशांत ठाण्यात गाडी उभी करायलाही जागा मिळत नाही. इथे साडेपाच हजार टनांच्या आसपासची क्रूझर मिळाली, समुद्रदर्शनासह.

मेख पुढे आहे. २००१ पासून ही जहाजं संरक्षित स्मारकं आहेत. बघायची, हात लावायचा नाही. खिळासुद्धा वर आणायचा नाही. म्हणजे मालकाच्या पदरात मालकी तेवढी पडते, बाकी काही नाही. आणि आपला माल जागेवर आहे का ते बघायचं तर त्यालाही आमच्यासारखाच सूट चढवून गार पाण्यात उडी मारावी लागते.

हे 'आमच्यासारखं' मी मोठ्या अभिमानाने म्हणते, कारण माझ्या माहेरी हा शब्द अजून मान्य झालेला नाही. आम्ही ॲबर्डीनला राहतो. नवरा तेल कंपनीत आहे, मी हिशेब तपासते. कधी काळी मालवणच्या सुट्टीत सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ एका पोराने माझा हात धरून मला पाण्याखाली नेलं, रंगीत मासे दाखवले आणि त्यांना पाव चारायला लावला. तिथून लागलेलं हे वेड ॲबर्डीनच्या डायव्हिंग क्लबात, पोहण्याच्या तलावातून खाणीच्या तलावात आणि तिथून थेट उत्तर समुद्रात उतरलं. आईला फोनवर सांगितलं तेव्हाचा संवाद असा:

"तिथे बघायचं काय असतं गं?"

"बुडालेली जहाजं."

"कुणाची?"

"जर्मनांची."

"मग जर्मनांनी जावं की. तुझं काय अडलंय?"

आई चिपळूणला असते. २००५ साली आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत वाशिष्ठी नदी आमच्या घरात येऊन गेली. दोन्ही वेळच्या खुणा भिंतीवर आहेत. दुसरी पहिलीच्या वर आहे आणि आईने तिथे तारीख घातली आहे. तिच्या लेखी पाणी दोनच प्रकारचं, हंड्यातलं आणि संकटातलं. "पाणी आपल्याकडे येतं तेवढं पुरे," ती म्हणते, "आपण उलट भेट द्यायला जायचं नसतं."

तिच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मला दर वेळी ड्रायसूट घालताना पटतं. मालवणच्या पाण्यात पोहण्याच्या कपड्यांवरही भागतं. ऑर्कनीचं पाणी ऐन उन्हाळ्यात दहा-बारा अंशांचं असतं, आणि पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेतं. दहा अंश हवेत माणूस स्वेटर घालून चहा पितो. दहा अंश पाण्यात तो आधी दात वाजवतो, मग बोलायचा थांबतो. म्हणून ड्रायसूट. आत लोकरीसारख्या कापडाचा जाड अंगरखा-विजार, दोन जोड्या मोजे, आणि त्यावर हा रबरी कोष, ज्याच्या गळ्याला आणि मनगटांना लॅटेक्सच्या घट्ट पट्ट्या. पट्टीवर टाल्कम पावडर उधळायची, दोन्ही हातांनी ती फाकवायची, श्वास रोखायचा आणि डोकं घुसवायचं. एकेरी उशीच्या अभ्र्यात दुहेरी गादी भरायची आणि गादी आपणच व्हायचं, असा तो प्रकार. डोकं पलीकडे निघालं की माणूस जांभळा असतो, पण हयात असतो. चेन पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. ती स्वतःची स्वतःला लावता येत नाही. स्कूबाला एकट्याने जाऊ नये याची शास्त्रीय कारणं पुष्कळ सांगतात, मला हे एकच पुरेसं वाटतं.

पुढचं तर्कशास्त्र ऐका. एवढे उबदार कपडे घातले की त्यांत हवा अडकते. हवा अडकली की माणूस तरंगतो आणि त्याला बुडता येत नाही. म्हणून बुडण्यासाठी कमरेला दहा-बारा किलो शिसं. शिसं बांधलं की तो जरुरीपेक्षा जास्त बुडतो, म्हणून सूटमध्ये नळीने हवा सोडायची. ती हवा जास्त झाली तर तो फुग्याच्या वेगाने वर निघतो, म्हणून डाव्या दंडावर हवा बाहेर काढायची झडप. आणि चुकून पाय डोक्याच्या वर गेले तर सगळी हवा बुटांत जमते, दंडावरची झडप खाली राहते, आणि माणूस तळव्यांनी आकाशाकडे निघतो. या छंदात प्रत्येक उपायावर उतारा लागतो आणि प्रत्येक उतारा विकत मिळतो. पाठीवरच्या दोन टाक्या धरून मी बोटीच्या डेकवर उभी राहते तेव्हा माझं वजन कागदोपत्री दीडपट झालेलं असतं.

राहता राहिला एक नाजूक मुद्दा. गार पाण्यात शिरलं की शरीर रक्त आतल्या भागाकडे ओढून घेतं, मूत्रपिंडांना वाटतं पाणी फार झालंय, आणि ती कामाला लागतात. पुरुषांच्या सूटमध्ये त्यासाठी वेगळी नळी नि झडप असते. बायकांसाठीही काही जुगाड निघाले आहेत. त्यांचं वर्णन इथे शोभणार नाही. मी सकाळचा चहा सोडते. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा त्याग आहे आणि तो मी भंगारासाठी करते.

माझे जोडीदार क्लबातले एक निवृत्त गणिताचे शिक्षक आहेत. सत्तरी ओलांडलेली. त्यांना मी मनातल्या मनात मास्तर म्हणते. मास्तरांचा शब्दसाठा मोजका आहे. वादळ असलं तर 'हवा जरा ताजी आहे', बोट उभी-आडवी होत असली तर 'थोडी हालचाल आहे', आणि आयुष्यातली सर्वोत्तम डुबकी झाली तर 'वाईट नव्हती'. मी एकदा त्यांना विचारलं, इतक्या गारठ्यात या वयात का उतरता? त्यांनी जरा विचार करून सांगितलं, "घरी रंगकाम काढलंय."

ॲबर्डीनहून गाडीने स्क्रॅबस्टरला जायचं आणि तिथून बोटीने दीड तासात ऑर्कनीतल्या स्ट्रॉमनेसला. वाटेत 'ओल्ड मॅन ऑफ हॉय' नावाचा १३७ मीटर उंच दगडी सुळका समुद्रात उभा दिसतो. त्याच्यावर लोक चढतात. पाण्याखाली जाणाऱ्यांना वेडे म्हणणाऱ्यांनी तिकडेही एकदा बघावं. ऑर्कनीत झाडं जवळजवळ नाहीत. वारा आहे, गाई आहेत आणि पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी घरं आहेत. ही बेटं मुळात स्कॉटलंडची नव्हेतच. १४६८ साली डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने आपली मुलगी स्कॉटलंडच्या राजाला दिली, हुंड्याची रक्कम हातात नव्हती, म्हणून ऑर्कनी गहाण टाकली. पैसे काही आले नाहीत, बेटं तिकडेच राहिली. हे आईला सांगितल्यावर तिला पहिल्यांदा या प्रदेशाबद्दल आपुलकी वाटली. "मुलीला त्रास दिला का रे बाबा पुढे?" असं तिने फोनवर माझ्या नवऱ्यालाच विचारलं.

आता जहाजं तिथे गेली कशी, ते. पहिलं महायुद्ध १९१८ च्या नोव्हेंबरात थांबलं. जर्मन आरमाराचं काय करायचं यावर दोस्तांचं एकमत होईना, म्हणून निर्णय होईपर्यंत ७४ जहाजं स्कापा फ्लोमध्ये आणून ठेवली. निर्णय व्हायला सात महिने लागले. तेवढा काळ जर्मन खलाशांना किनाऱ्यावर पाय टाकायची परवानगी नव्हती, एका जहाजावरून दुसऱ्यावर जायचीही नव्हती. जेवण जर्मनीहून यायचं. मासे गळाला लावणं ही करमणूक आणि तेच तोंडीलावणं. ॲडमिरल लुडविग फॉन रॉयटर हे त्यांचे प्रमुख. जगात काय चाललंय ते त्यांना चार दिवस शिळ्या टाइम्समधून कळायचं. त्यांनी वाचलं की तहाची मुदत २१ जूनला संपते. मुदत दोन दिवस वाढली होती, पण ती बातमी हाती पडलेली नव्हती. युद्ध पुन्हा पेटलं तर जहाजं इंग्रजांच्या घशात जाणार, या विचाराने त्यांनी २१ जून १९१९ च्या सकाळी ठरलेला झेंडा-संकेत दिला. सगळ्या जहाजांवर तळाच्या झडपा उघडल्या गेल्या. नेमकं त्याच सकाळी पहाऱ्यावरचं ब्रिटिश पथक सरावासाठी खुल्या समुद्रात गेलं होतं. दुपारी बारा वाजून सोळा मिनिटांनी 'फ्रीडरिश डेर ग्रोस' बुडाली, संध्याकाळी पाचला 'हिंडेनबुर्ग'. ७४ पैकी ५२ जहाजं तळाला गेली. ब्रिटिशांनी घाईने परत येऊन काही किनाऱ्याकडे ओढली, गोळ्याही झाडल्या. त्या दिवशी नऊ जर्मन मेले. युद्ध संपून सात महिने झाले होते.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग शाळेच्या सहलीचा आहे. त्याच दिवशी स्ट्रॉमनेसची सुमारे चारशे शाळकरी मुलं 'फ्लाइंग केस्ट्रल' नावाच्या बोटीतून जर्मन आरमार बघायला निघाली होती. बोट मधोमध पोचली आणि आरमार बुडायला लागलं. एका अंगावर कलंडणाऱ्या युद्धनौका, उकळल्यासारखं पाणी, पांढरे बावटे लावलेल्या होड्या, आणि मध्ये डबे घेतलेली चारशे पोरं. आपण आलोय म्हणून हा कार्यक्रम ठेवलाय असं त्यातल्या धाकट्यांना नक्की वाटलं असणार. मी मास्तरांना विचारलं, तुम्ही त्या बोटीवर शिक्षक असता तर काय केलं असतं?

"पट मोजला असता," मास्तर म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तीनदा."

तो शनिवार होता. सोमवारी वर्गात 'आमची सहल' यावर निबंध लिहायला लावला असेल, अशी माझी दाट शंका आहे. 'तेथे मोठी जहाजे होती. ती बुडाली. मग आम्ही घरी आलो.'

पुढची कथा आईला मी मुद्दाम सांगितली, कारण तीत भंगारवाला आहे. अर्नेस्ट कॉक्स. वुल्व्हरहॅम्प्टनच्या या गृहस्थाने आयुष्यात होडीसुद्धा पाण्यातून काढलेली नव्हती. १९२४ साली त्याने नौदलाकडून बुडालेल्या विनाशिका विकत घेतल्या आणि वर काढायला सुरुवात केली. दोन वर्षांच्या आत सव्वीस काढल्या. मग मोठ्या नौकांकडे वळला. त्या बहुतेक उलट्या पडलेल्या. त्याची युक्ती अशी की जहाज उलटंच राहू द्यायचं, भोकं बुजवायची, जुन्या बॉयलरांची लांब नळकांडी करून ती जहाजाच्या बुडावर उभी बसवायची, त्यातून माणसं आत उतरवायची, आणि दाबाखालची हवा भरत राहायचं. हवेने पाणी खाली दाबलं की वीस-पंचवीस हजार टनांचं धूड बूड वर करून पाण्याबाहेर येई. कोळसा कामगारांच्या १९२६ च्या संपात इंधन महागलं, तेव्हा कॉक्सने बुडालेल्या 'सायडलिट्झ'च्या पोटातलाच कोळसा काढून आपले पंप चालवले. इथे आई म्हणाली, "हा माणूस संसारी दिसतो."

याच 'सायडलिट्झ'बद्दल असं सांगतात की कॉक्सने ती वर येतानाचं चित्रण करायला कॅमेरेवाले बोलावायचं ठरवलं होतं. स्वतः स्वित्झर्लंडला सुट्टीवर गेला. जहाज त्याची वाट न बघता मधेच वर आलं. कामगारांनी आनंदाने कळवलं. त्याने उलटा निरोप धाडला: बुडवा. तो आला, कॅमेरे आले, आणि मग जहाज पुन्हा वर आलं. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर फोटोग्राफरसाठी पुन्हा हार घालायला लावतात, त्या परंपरेचा उगम आपल्याकडे नाही हे कळून मला बरं वाटलं.

या उलट्या जहाजांवर खोपटी बांधून त्यात माणसं राहत आणि ती तशीच ओढत दक्षिणेला रोसाइथच्या गोदीत नेत. १९२८ मध्ये 'मोल्टके' अशी उलटी फोर्थच्या खाडीत पोचली तेव्हा तिला वाट दाखवायला दोन वाटाडे आले, एक नौदलाचा, एक तिथल्या बंदराचा. अधिकार कुणाचा यावरून दोघांची जुंपली. भांडण चालू असताना पाण्याच्या ओढीने जहाज आपलं आपण निघालं ते थेट फोर्थच्या प्रसिद्ध रेल्वेपुलाकडे. ओढणाऱ्या बोटी खांबाच्या एका बाजूला, जहाज दुसऱ्या बाजूला! दोर तोडावे लागले, आणि तेवीस हजार टनांची युद्धनौका, उलटी, एकटी, कुणाच्याही अधिकाराविना पुलाखालून सुखरूप पार झाली. वाटाडे नसते तरी चाललं असतं असं मला वाटतं. पण मी हिशेबनीस आहे, अनावश्यक पदं मला लगेच दिसतात.

एवढं करून कॉक्सला शेवटी तोटाच झाला आणि त्याने हे काम दुसऱ्या कंपनीला विकून टाकलं. त्या कंपनीने काढलेली शेवटची मोठी नौका 'डेरफ्लिंगर'. ती १९३९ साली वर आली, तेवढ्यात दुसरं महायुद्ध लागलं आणि तिला तोडायला कुणाला सवड होईना. ती १९४६ पर्यंत उलटीच तरंगत राहिली. १९१४ साली ती नौदलात आली आणि १९१९ साली बुडाली. म्हणजे सरळ उभी राहून केलेल्या नोकरीपेक्षा डोक्यावर उभं राहून केलेली हिची नोकरी मोठी.

सात मोठी जहाजं मात्र खालीच राहिली. तीन युद्धनौका आणि चार क्रूझर. तीही पूर्ण सुटली नाहीत. नंतरच्या भंगारवाल्यांनी तांबं-पितळेसाठी सुरुंग लावून त्यांची इंजिनघरं फोडली. त्यांच्या पोलादाला आणखीही एक गिऱ्हाईक होतं. १९४५ नंतर अणुस्फोटांमुळे हवेत किरणोत्सारी अंश आले, आणि पोलाद करताना भट्टीत हवा फुंकावी लागे, म्हणून नव्या पोलादात ते अंश उतरत. अगदी सूक्ष्म किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रांना तसलं पोलाद चालत नसे. अणुयुगाच्या आधी ओतलेलं आणि समुद्राने झाकून ठेवलेलं पोलाद चाले. कैसरने तोफांसाठी ओतलं, शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेसाठी नेलं. आई म्हणाली, "जुनं ते सोनं म्हणतात ते उगीच नाही." मी म्हटलं, पोलाद. ती म्हणाली, "तेच."

स्कापा फ्लोमध्ये जिथे आम्ही कधीच उतरत नाही अशी जागाही आहे. 'रॉयल ओक'. १४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री जर्मन पाणबुडी यू-४७ आत शिरली आणि तिने ही ब्रिटिश युद्धनौका बुडवली. ८०० हून अधिक माणसं गेली, त्यात मिसरूड न फुटलेली पोरंही पुष्कळ. ती युद्धसमाधी आहे. वर्षातून एकदा नौदलाचे पाणबुडे जाऊन तिच्यावरचा झेंडा बदलतात, बाकी कुणी जायचं नाही. तिच्या बोयाजवळून बोट जाते तेव्हा डेकवरच्या गप्पा थांबतात. मास्तर टोपी काढतात. त्यांच्या डोक्यावर केस नाहीत आणि वारा ताजा असतो, तरी काढतात.

आमची डुबकी 'क्योल्न' या क्रूझरवर होती. कोलोन शहराचं नाव, लांबी सुमारे १५५ मीटर, उजव्या कुशीवर निजलेली. तळ पस्तीस मीटरवर, वरची कूस विसाच्या आसपास. आमची बोट म्हणजे मासेमारीतून निवृत्त झालेला ट्रॉलर. तिच्यावर झोपायला बाकं, कपडे वाळवायला गरम खोली, मागे माणसांना पाण्यातून उचलणारी लिफ्ट आणि सदैव उकळणारी किटली. चहा सोडलेल्या बाईला त्या किटलीशेजारी बसून सूट चढवावा लागतो. तांडेल पांढऱ्या फळ्यावर जहाजाचं चित्र काढून समजावतो. त्याने जहाज आडवं काढलं होतं, आम्ही सगळे माना वाकड्या करून बघत होतो. मग तो सुकाणूवर गेला, बोट बोयाजवळ आली, त्याने हाक दिली आणि मी एक पाऊल टाकून समुद्रात पडले.

गारठा पहिल्यांदा ओठांना कळतो, कारण तेवढेच उघडे असतात. मग कपाळ दुखतं, आइसक्रीम घाईने खाल्ल्यावर दुखतं तितकंच. मग काहीच कळत नाही आणि त्याला सवय झाली म्हणतात. दोर धरून खाली जायचं. वर राखी, मग हिरवं, मग बाटलीच्या काचेचं हिरवं, खाली काहीच दिसत नाही. आणि एकदम त्या हिरव्यातून एक भिंत पुढे येते. जहाजाची कूस. मालवणला पाण्याखाली सगळं लख्ख दिसतं म्हणून लगेच बघून होतं. इथे पाच-दहा मीटरपलीकडे दिसत नाही, त्यामुळे जहाज संपता संपत नाही. जिथे डेक आडवा असायला हवा तिथे तो भिंतीसारखा उभा. शिड्या आडव्या. दारं छतात. पोलादावर इंचभर जागा मोकळी नाही: पांढरी-नारिंगी प्लुमोज ॲनिमोन, 'डेड मेन्स फिंगर्स' नावाचं फिकट मऊ पोवळं, त्यांच्यावर चढलेले तारामासे. एका खिडकीच्या भोकातून लांबलचक लिंग मासा बाहेर डोकावला, आमच्याकडे बघितलं आणि आत गेला. मालक असावा. त्याने साडेआठ हजार दिलेले नाहीत.

मागच्या बाजूला तोफ. पंधरा सेंटिमीटर तोंडाची, कुशीवर पडलेली, नळी अजून समोर रोखलेली. मी तिच्यापुढे थांबले तेव्हा मनगटावरचं यंत्र ३३ मीटर दाखवत होतं. एवढ्या खोलवर श्वासातला नायट्रोजन डोक्यात जातो. दर दहा मीटरला एक मार्टिनी, असा पाणबुड्यांचा ठोकताळा आहे. मी दारू घेत नाही, त्यामुळे तीन मार्टिनी म्हणजे काय ते मला तिथेच कळतं. मी हवेचा काटा बघितला. १४०. काय सुबक आकडा! सातने भाग जातो. चौदानेही जातो. हे मला इतकं थोर वाटलं की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, आणि सांगायला समोर साक्षात गणिताचा मास्तर. मी काट्याकडे बोट दाखवलं आणि जाड हातमोज्यातून मोठ्या उत्साहाने बोटं नाचवून सात दाखवले.

पाण्याखाली सात बोटांचा अर्थ सत्तर बार हवा उरली असा होतो. सत्तर म्हणजे परतायची वेळ टळून गेली. मास्तर झपकन पुढे आले, माझा काटा हातात घेतला, वाचला, मला वाचलं. मग माझ्या डोळ्यांसमोर बोट हलवून बघितलं, आणि अंगठा वर करून 'चला' म्हणाले. अंगठा वर म्हणजे शाबासकी नव्हे, वर चला. सहा मीटर वर आल्याबरोबर माझ्या डोक्यातल्या दोन मार्टिनी उतरल्या आणि चौदाने भाग जाणं मला पूर्वीइतकंच सामान्य वाटू लागलं.

पुढे पाच मीटरवर थांबायचं. रक्तातला नायट्रोजन सावकाश बाहेर पडू द्यायला हे थांबणं सक्तीचं असतं. बघायला काही नाही, करायला काही नाही, हात गार, पाय गार, आणि आपल्याच बुडबुड्यांचा आवाज. सकाळी चहा सोडला होता हे माझ्या मूत्रपिंडांना कुणी कळवलं नव्हतं. मास्तर दोराला धरून डोळे मिटून होते. घरच्या रंगकामाचा हिशेब करत असावेत.

लिफ्टने वर आल्यावर कुणी तरी माझी चेन उघडली आणि हातात सूपाचा मग दिला. मास्तर शेजारी बसले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. सूप संपवलं, वही काढली, तारीख घातली, खोली लिहिली, तापमान लिहिलं.

"विसानेही जातो," ते म्हणाले.

नवरा त्या दिवशी स्ट्रॉमनेसच्या संग्रहालयात गेला होता. जर्मन आरमाराच्या वस्तू त्याने काचेच्या कपाटात, दिव्याच्या उजेडात, कोरड्या पायमोज्यांनी बघितल्या आणि नंतर केक खाल्ला. मी पाण्याखाली जेवढं बघितलं त्याहून त्याने जास्त बघितलं, याबद्दल तो घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. पण बोलला नाही हे मला सारखं दिसत राहिलं.

मी मात्र त्याच संध्याकाळी आईला फोटो पाठवला. मास्तरांनी काढलेला. हिरव्या धुक्यात दोन आकृत्या, दोन्ही जाडजूड, दोन्हींना नळ्या, दोन्हींवर काही तरी चिकटलेलं.

"हे काय आहे?"

"जर्मन तोफ. पंधरा सेंटिमीटरची. शंभर वर्षांहून जुनी."

"आणि शेजारी?"

"शेजारी मी."

ती बराच वेळ फोटो बघत असावी. काही वेळाने चिपळूणच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच फोटो येऊन पडला. खाली आईने लिहिलं होतं: 'आमची मुलगी, परदेशात. डावीकडची की उजवीकडची, ते विचारून कळवते.'